उभी वाटणी

वाटणीच्या दिवशी मोजणीदार घरी पोहोचण्यापूर्वीच आक्का शेताच्या डोक्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. माणसांना आपल्याकडे बोलावून घ्यावे, आपण उठून त्यांच्याकडे जाऊ नये, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता होता. तिघे भाऊ, भावजया आणि खांद्याला नकाशाची नळी अडकवलेला मोजणीदार अशी सगळी वरात धापा टाकत उतार चढून आली, तेव्हा आक्कांनी कुणालाही बसा म्हटले नाही. तिथे बसण्याजोगे काही नव्हतेही.

शेत उताराचे होते. डोक्याशी मुरूम आणि दगडगोटे. पायथ्याशी काळीभोर जमीन, काठी टेकवली तर वीतभर आपसूक आत जावी अशी. या दोन टोकांच्या मधे सात आडवे बांध होते. ते वडिलांनी घातलेले. घराचे जुने कौलारू छप्पर उतरवून त्यावर पत्रा चढवला, त्या वर्षी फुटकी-धड सगळी कौले त्यांनी शेतात आणवली आणि बांधांच्या पोटात उभी पुरली. खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात. कौलाला नखे लागली की मुकाट मागे फिरतात. आक्का तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. आई नव्हती. डोक्यावर टोपली आणि कडेवर धाकटा भाऊ, अशा अवस्थेत त्यांनी ती कौले वाहिली होती. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कुंभाराने ओल्या मातीत तीन बोटे ओढून रेघा काढलेल्या होत्या. त्या रेघा आक्कांच्या टाळूला अजून आठवत होत्या.

"पाण्याला चालू द्यायचं, पळू द्यायचं नाही," असे वडील म्हणत. पाऊस लागला की ते फावडे घेऊन बाहेर पडत, आणि घरात कुणी आजारी असले तरी आधी बांध पाहून येत. त्यांच्या पश्चात ते फावडे आक्कांनी उचलले. तिघा भावांना शिकवले, कामाला लावले, त्यांची लग्ने केली. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच, तर त्याला अशा नजरेने पाहिले की पुन्हा त्याने तो काढला नाही.

"मी आडवी वाटणी सांगते," आक्का म्हणाल्या. "वरचे तीन टप्पे एकाला, मधले दोन एकाला, खालचे दोन एकाला. वरच्याला क्षेत्र जास्त, खालच्याला कमी. बांध आहेत तिथेच राहतील."

"आणि वरचे तीन कुणाच्या गळ्यात?" मधल्याने विचारले. मधल्याचे बाजारात भांड्यांचे दुकान होते. वस्तू हातात घेतली की आधी तिचा पोचा शोधायचा, ही सवय त्याला त्या दुकानाने लावली होती.

"चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठीत माझ्या वाट्याला दगडच येणार, आक्का. तू पेरू वाटायचीस तेव्हा किडका कुणाला मिळायचा?"

"किडका तू स्वतः उचलायचास. तो मोठा दिसायचा म्हणून."

धाकटा खो खो हसला. तो बस चालवत असे आणि जगातल्या सगळ्या भांडणांकडे समोरच्या काचेतून पाहावे तसा पाहत असे. मधल्याच्या बायकोने मात्र हसण्यावारी नेले नाही. "वन्सं, खाली पाच पोती पिकतात तिथे वर दोन होत नाहीत. क्षेत्र वाढवून आम्हाला काय, दगड जास्त मिळतील. मका नाही."

तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि खोटे नव्हते म्हणूनच आक्कांना ते लागले.

तेवढ्यात थोरल्याने तोंड उघडले. तो शीतगृहात मजुरांची हजेरी घेत असे. सगळ्यांच्या नावापुढे सारखीच खूण करण्यात त्याचा जन्म गेला होता. "उभी करू या वाटणी," तो म्हणाला. "डोक्यापासून पायथ्यापर्यंत तीन पट्टे. प्रत्येकाला थोडे दगड, थोडी काळी. म्हणजे कुणी कुणाच्या नावाने बोटं मोडायला नकोत."

"उभीच बरी," मोजणीदाराने री ओढली. "दोन रेघा मारल्या की मोकळे. या उतारावरची सगळी शेतं मी उभीच कापली आहेत. भाऊ भावावर विश्वास ठेवत नाही ना, ताई. पण रेघेवर ठेवतो."

आक्कांनी उताराच्या अंगाला पाहिले. शेजारची शेते खरोखरीच फाडलेल्या धोतरासारखी चिंध्याचिंध्यांनी खाली लोंबत होती. त्यांच्यावर एकही बांध नव्हता. दर वर्षी ती थोडी फिकट होत चालली होती, हे आक्कांना ठाऊक होते. पण दुसऱ्याच्या शेताकडे पाहून नाक मुरडण्यापलीकडे त्यांनी काही केले नव्हते. आपल्या घरात असे होणार नाही, ही त्यांची पक्की समजूत होती.

"आणि ताईंची सही?" मोजणीदाराने कागद उलटला. "हिस्से चार आहेत. यांनी सोडल्याशिवाय तिघांत वाटणी होत नाही."

भावांनी एकमेकांकडे पाहिले, भावजयांनी जमिनीकडे. त्या घटकेला ते शेत आक्कांच्या मुठीत होते. त्या नाही म्हणत्या, तर रेघ पडली नसती. माझा चौथा हिस्सा मला आडवा द्या, पायथ्याचा नको, मधला द्या, असे म्हणत्या, तरी निदान दोन बांध त्यांच्या नावावर राहिले असते.

"आक्का काय मागणार आपल्याकडे?" थोरला म्हणाला. "जिने हातचं राखून न ठेवता आपल्याला वाढवलं, ती वाटा मागेल? तिचं मन मी ओळखतो."

"आक्कासारखी बहीण दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही," मधला म्हणाला.

आक्कांना कळत होते की आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले जात आहे. पण त्या झाडावरून दिसणारा देखावा त्यांना जन्मभर आवडत आला होता. त्यांनी मान ताठ केली. "वाटा नको मला. एकच अट. बांधांना हात लागता कामा नये."

"नाही लागणार."

"शब्द?"

"शब्द," तिघे म्हणाले. धाकट्याने तर गळ्याला हात लावला.

"अट दस्तात लिहू का?" मोजणीदाराने पेन उचलून विचारले. "एका ओळीचं काम आहे."

"माझ्या भावांचा शब्द कागदावर मागायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही," आक्का म्हणाल्या आणि मोजणीदाराच्याच पेनाने त्यांनी सही केली. ठसठशीत, शेवटी रेघ ओढलेली. मोजणीदाराने पेनाला टोपण लावले. त्याला काय, एक ओळ लिहायची वाचली होती.

हद्दीचे दगड रोवले गेले. त्याच दिवशी, त्याच न्यायाने, आक्कांचीही वाटणी झाली: वर्षाचे चार-चार महिने एकेका भावाकडे. कुणालाही कमी नाही, कुणालाही जास्त नाही.

पेरणीआधी ट्रॅक्टरवाला आला. तो मूळचा या उताराचा नव्हता. त्याच्याकडे एक जुना ट्रॅक्टर, मागे जोडायचा नांगर आणि तोंडात कायम एक काडी असे. त्याने आधी मधल्याचा पट्टा पाहिला, पावलांनी रुंदी मोजली आणि काडी तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली.

"दादा, मी तासावर चालतो. सात बांध म्हणजे सात वेळा नांगर उचला, सात वेळा टाका. बांधाला खिंड पाडा, ट्रॅक्टरपुरती. निम्म्या वेळात काम होईल."

आक्कांचा मुक्काम त्या वेळी थोरल्याकडे होता. बातमी कळताच त्या तरातरा शेतात आल्या, तोवर पहिल्या बांधाला खिंड पडलेली होती.

"हा शब्द?" त्यांनी मधल्याला विचारले.

"बांधाला कुठे हात लावलाय, आक्का? बांध आहे तिथेच आहे. नुसतं दार केलंय."

"दारातून कोण ये-जा करणार, ते कळतंय ना तुला? आडवं नांगरा. पट्टा आडवा नांगरला तर खिंड लागत नाही."

"आडवं कसं नांगरू?" ट्रॅक्टरवाल्याने आपल्या आसनावरूनच उत्तर दिले. "चाळीस पावलं गेलो की वळायचं. वळलो की चाक शेजारच्या दादांच्या पट्ट्यात. मग ते माझा उद्धार करणार. उभं मारलं की कुणाची तक्रार नाही."

"पाण्याची आहे."

"पाणी माझं गिऱ्हाईक नाही, आक्का."

मधल्याचे दोन तास वाचले, हे थोरल्याला संध्याकाळपर्यंत कळले. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या पट्ट्यात खिंडी पडल्या, तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या. सगळे सारखे झाले. नांगराच्या फाळाने पाडलेल्या तासांच्या उभ्या ओळी डोक्यापासून पायथ्यापर्यंत अशा सरळ पडल्या, की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कुणीतरी डोंगराचे केस विंचरून ठेवले आहेत.

त्या पावसाळ्यात पाणी पळायला शिकले.

आक्का फावडे घेऊन बाहेर पडल्या. त्यांचे तेव्हाचे चार महिने धाकट्याचे होते, म्हणून त्यांनी धाकट्याच्या पट्ट्यातल्या खिंडी बुजवल्या. भर पावसात, गुडघाभर चिखलात, साठी उलटलेल्या त्या बाईने तीन खिंडी बंद केल्या आणि चौथीत फावडे घातले, तोच वरून मधल्याच्या बायकोचा आवाज आला.

"वन्सं! हे काय चालवलंय?"

"दिसत नाही? बांध घालतेय."

"तुमचं अडलेलं पाणी आमच्यात शिरतंय, ते बघा की! आमची अख्खी ओळ वाहून गेली. धाकट्या भावोजींचं वाचवायचं आणि आमचं बुडवायचं, असा न्याय आहे का तुमचा?"

आक्कांनी पाहिले. खरेच होते. धाकट्याच्या बांधाशी अडलेले पाणी बाजूला सरकून हद्दीच्या दगडाला वळसा घालत होते आणि मधल्याच्या उघड्या पट्ट्यातून दुप्पट जोराने खाली जात होते. बांध तिघांचा मिळून एक होता, तोवर तो बांध होता. एका पट्ट्यापुरता राखला, तर ती शेजाऱ्यावर केलेली आगळीक होत होती.

"मग तुम्हीही बुजवा," आक्का म्हणाल्या.

"थोरल्यांना सांगा आधी. ते बुजवोत, आम्ही बुजवतो."

थोरला म्हणाला, "मधल्याने खिंड आधी पाडली, त्यानेच आधी बुजवावी." मधला म्हणाला, "मी काय दोघांचा गडी आहे?" धाकट्याने आक्कांच्या हातातून फावडे काढून घेतले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आक्का, राहू दे. तुझ्या बांधापायी मधल्या वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलंय. माती काय, दर वर्षी थोडी जातेच. घरातलं वितुष्ट वाईट." आणि त्याच दुपारी त्याने स्वतःच्या हाताने त्या तीन खिंडी पुन्हा मोकळ्या केल्या. घरात शांतता नांदू लागली.

पुढची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. वरच्या टप्प्यांत दगड उगवू लागले. दर नांगरणीला नवे, आदल्या वर्षी कुणी न पाहिलेले. पीक गुडघ्याएवढे होऊन पिवळे पडे. भावांच्या नोकऱ्या होत्या, दुकान होते. कुणाच्या घरची चूल काही या शेतावर अडून नव्हती. म्हणून जमीन विकायचीही नाही आणि तिच्याकडे पाहायचेही नाही, असा मधला मार्ग तिघांनी काढला. तिघांनीही आपापला पट्टा वर्षाच्या बोलीने ट्रॅक्टरवाल्यालाच कसायला दिला. वर्षाहून जास्त बोली कुणी करीना. जमीन एकाच्याच हाती दोन-तीन वर्षे राहिली तर तो हक्क सांगतो, अशी धास्ती.

आक्कांना क्षणभर आशा वाटली. तिन्ही पट्टे एका हाती आले होते.

"आता तरी बांध घाल," त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या. "आता चाक दुसऱ्याच्यात जायचं भय नाही तुला."

त्याने तोंडातली काडी काढली. आक्कांचा तो मान राखत असे. "आक्का, पुढच्या वर्षी मी इथे असेन का?"

"ते तिघांवर आहे."

"मग बांध कुणासाठी घालू? शेणखत तीन वर्षं पुरतं, बांध तीस वर्षं. माझी बोली एका वर्षाची. मी एका वर्षाचंच काय ते टाकणार, आणि एका वर्षाचं असेल तेवढं काढणार." मग थोडे थांबून तो म्हणाला, "तुमच्या नावावर असती तर मी तुमच्यासाठी घातला असता बांध. फुकट."

आक्का वळल्या आणि घराकडे चालू लागल्या.

शेताच्या पायथ्याला ओढा, आणि ओढ्याच्या पुढे एक तळे होते. सगळ्या उताराचे पाणी त्यात जाई. एका उन्हाळ्यात ते पुरते आटले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले की तळे आटलेले नाही, ते भरलेले आहे, गाळाने, काठोकाठ. गाळ काढण्याचा ठेका निघाला. तो ट्रॅक्टरवाल्याला मिळाला. त्याने खोदाईचे यंत्र आणले, काळी लोण्यासारखी माती उपसली आणि ट्रॉलीच्या भावाने उतारावरच्या शेतकऱ्यांना विकायला काढली.

"सोनं आहे सोनं," थोरला मुठीत माती घेऊन म्हणाला. "दोन वर्षांत शेत पहिल्यासारखं करील." या एका गोष्टीवर तिघा भावांचे लगेच एकमत झाले, आणि तिघांनी ती माती वेगवेगळी विकत घेतली. प्रत्येकी बारा ट्रॉल्या. मधल्याची बायको हद्दीवर उभी राहून ट्रॉल्या मोजत होती. भावोजींची ट्रॉली शिगोशीग आणि आपली सपाट, अशी तिची तक्रार होती, म्हणून ट्रॅक्टरवाल्याने तिला वर दोन घमेली टाकून दिली.

आक्का कडेला उभ्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेले, मुक्काम पुन्हा थोरल्याकडे. मातीचा ढीग समोर ओतला गेला तेव्हा त्यात काहीतरी तांबडे दिसले. त्या वाकल्या. हाताएवढा तुकडा. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. पाठीवर तीन रेघा होत्या.

तो त्यांनी काही वेळ तसाच धरून ठेवला. मग ढिगात हात घातला. आणखी एक. आणखी दोन. मग त्यांनी भावांना हाक मारली. जुन्या आवाजात, ज्या हाकेला हातातला घास टाकून यायचे, त्या आवाजात. तिघेही आले. तिघांचेही केस पांढरे झाले होते.

"हे ओळखता?"

"कौल आहे," धाकटा म्हणाला.

"आपलं कौल आहे. आपल्या घरावरचं. बांधातलं. मी डोक्यावरून आणून दिलेलं, आणि वडिलांनी पुरलेलं." त्यांचा आवाज चढला नाही, तो चढत नसे, तो जड होत असे. "तुम्ही आज तुमचीच माती विकत घेतलीत. आता बांधांशिवाय हीच पसराल. पुन्हा ती तळ्यात जाईल. पुन्हा विकत घ्याल."

तिघांनीही तो तुकडा हाती घेऊन पाहिला. मधल्याने तो उलटून पोचा शोधावा तसा न्याहाळला. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखे वाटले. मग त्याने ढिगाकडे पाहिले, आणखी कुठे कुठे तांबडे दिसते ते पाहिले, आणि काळजीच्या सुरात म्हणाला,

"हे वेचायला हवेत, आक्का. नांगराच्या फाळाला लागले तर फाळ जाईल."

"आमच्यातले आम्ही वेचून घेऊ," मधल्याची बायको घाईने म्हणाली. "दारासमोरचा खड्डा बुजवायला होतील."

आक्कांनी तो तुकडा परत मागून घेतला. माती पसरून झाली, ट्रॅक्टर वर गेला, आणि डोक्यापासून पायथ्यापर्यंत उभी तासे पाडत खाली येऊ लागला. आक्कांनी टोपली घेतली आणि थोरल्याच्या पट्ट्यात कौलांचे तुकडे वेचू लागल्या. त्यांना मजुरी कुणी देणार नव्हते. काम मात्र चोख होते, याबद्दल सगळ्यांची खात्री होती.

टोपली भरली तेव्हा त्या पायथ्याशी, जिथे सातवा बांध होता तिथे जाऊन बसल्या. गुडघे वाकत नव्हते, म्हणून एक पाय पसरून बसल्या. हाताने त्यांनी जमिनीत चर ओढला आणि एकेक तुकडा वडील पुरत तसा उभा पुरू लागल्या. रेघांची बाजू पाण्याच्या अंगाला. दोन्ही हात पसरून मापावी एवढी, एक वाव ओळ झाली. दोन झाले. चाळीस पावलांची ओळ त्या सरकत सरकत पुरी करीत गेल्या, आणि हद्दीच्या दगडाशी येऊन त्यांचा हात थांबला.

पलीकडून मधल्याची बायको पाहत होती. "वन्सं," ती म्हणाली, फार मोठ्याने नव्हे, "पाणी आमच्यात शिरेल हो."

टोपलीत अजून पाच-सहा तुकडे उरले होते. त्या दगडापलीकडे हात घालण्याचा आक्कांना अधिकार नव्हता. अलीकडेही नव्हता. सही ठसठशीत होती.

त्यांनी उरलेले तुकडे टोपलीतच ठेवले, आणि पुरलेली ओळ शेवटून पहिल्यापर्यंत स्वतःच्या हाताने उपटायला सुरुवात केली.